एकोणचाळीस चाली

झेंडा पडला तेव्हा कानामात्राला हायसं वाटलं होतं, आणि हे पुढे कित्येक दिवस त्याला कुणाला सांगता आलं नाही. घड्याळाच्या डाव्या तबकडीवरचा तो नखाएवढा लाल झेंडा मिनिटकाट्याने उचलून आडवा धरला होता. काटा बाराशी आला आणि झेंडा टपकन खाली लोंबला. कानामात्रा खुर्चीत मागे रेलून, पेल्यातलं पाणी घोटाघोटाने पीत ते सगळं बघत होता. पड बाबा, पड एकदाचा, असंच त्याच्या मनात आलं. दोन तासांत चाळीस चाली करायच्या असतात, त्या त्याने केल्या होत्या. चाळिसाव्या ओळीतली चाल त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शिसपेन्सिलीने, समोरच्या कागदावर लिहिलेली होती. आता पुढचा एक तास मिळणार, आणि त्या तासात एक घोडा जास्त असलेला हा डाव तो निवांत, चवीने जिंकणार. समोरचा दंतवैद्य मान खाली घालून पटाकडे बघत होता. बिचारा, असंही कानामात्राला वाटून गेलं. तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने घड्याळाची मधली कळ दाबली. टिकटिक थांबली. "पांढऱ्याचा झेंडा पडला आहे," भाची म्हणाली, शेजारच्या टेबलापर्यंतही जाणार नाही अशा आवाजात. "पांढऱ्याच्या पूर्ण झालेल्या चाली एकोणचाळीस."

"अगं, चाळीस," तो घरच्यासारखं बोलून गेला आणि लगेच ओशाळला.

"सर, दोन्ही कागद घेऊन शेजारच्या पटावर डाव पुन्हा मांडू या," ती म्हणाली. घरी ती त्याला मामा म्हणायची आणि अरे-तुरे करायची. इथे छातीवर पंचाचा बिल्ला होता, म्हणून सर, म्हणून तुम्ही. तिने दंतवैद्याचा कागद हातात घेतला आणि एकेक चाल वाचू लागली. कानामात्रा स्वतःच्या कागदावर पेन्सिलीचं टोक फिरवत गेला. चौतीस वर्षं त्याने हेच केलं होतं. छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर डोळा ठेवायचा. त्या डोळ्याचा एवढा दरारा होता की छापखान्यातल्या लोकांनी त्याचं खरं नाव केव्हाच मोडीत काढून त्याला कानामात्रा म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव त्याच्या मागोमाग बुद्धिबळाच्या क्लबातही आलं. "विसावी," भाची वाचत होती. "हत्ती मधल्या पट्टीत. काळ्याचा उंट मागे." बरोबर. इथे डावा रकाना संपत होता. "एकविसावी. वजिरासमोरचं प्यादं एक घर पुढे." कानामात्राची पेन्सिल उजव्या रकान्याच्या डोक्यावर थांबली. तिथे त्याच्या टपोऱ्या अक्षरात पुन्हा लिहिलं होतं: हत्ती मधल्या पट्टीत. काळ्याचा उंट मागे. भाचीने पुढची चाल वाचली नाही. ती थांबून राहिली, त्याचं वाचून होईपर्यंत, आणि वाचून व्हायला त्याला फार वेळ लागला.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे लोक ही चूक नेहमी करतात. एक पान संपतं, दुसरं सुरू होतं, आणि शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर पुन्हा जुळवली जाते. छापखान्यातली सगळ्यात बावळट चूक, आणि सगळ्यात जास्त सुटणारी, कारण वाचणाऱ्याचा डोळासुद्धा पान उलटताना क्षणभर डुलकी घेतो. कानामात्राने अशा शेकडो ओळी पकडल्या होत्या. पान उलटलं की अक्कल मागच्या पानावर ठेवून येता काय, असं तो जुळाऱ्यांना विचारायचा आणि ते हसत हसत ओळ काढून टाकायचे. आता ही ओळ कुणी काढणार नव्हतं. ती चाळिसाव्या घरात एकोणचाळिसावी चाल बसवून मोकळी झाली होती. पेल्यातलं पाणी पीत त्याने घालवलेली ती शेवटची दोन मिनिटं त्याची स्वतःची होती, आणि त्यांत त्याला फक्त हत्तीने शह द्यायचा होता. ती चाल त्याला दिसतही होती. पण त्याने म्हटलं, सावकाश देऊ, आता कसली घाई. दंतवैद्याने हात पुढे केला. "डाव तुमचाच होता," तो म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता. कानामात्राने हात हातात घेतला, निकालाच्या कागदावर सही केली, स्वतःच्या नावापुढे शून्य पडलेलं पाहिलं, आणि हॉलबाहेर, पलीकडच्या हात धुवायच्या जागी जाऊन नळ सोडून उभा राहिला.

शहराचं अजिंक्यपद त्याला तीनदा हुलकावणी देऊन गेलं होतं. तिन्ही वेळा दुसरा. क्लबातल्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांची लाकडी पाटी होती, आणि त्या पाटीवर दुसऱ्या आलेल्यांसाठी जागा नव्हती. यंदा शेवटच्या फेरीत त्याला नुसती बरोबरी पुरत होती. तो एकसष्ट वर्षांचा होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. दुपारी उजेड कमी झाला की पटाच्या त्या बाजूचे उंट आणि प्यादी त्याला सारखीच दिसायला लागत, म्हणून तो मधूनच उठून डोळ्यांवर पाणी मारून यायचा. पुढच्या वर्षी आपण इथे बसलेले असू असं त्याला वाटत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याने बहिणीलाही सांगितली नव्हती. हव्यास म्हणा, काही म्हणा, पण त्याला त्या पाटीवर नाव हवं होतं. बायको नाही, मूल नाही, छापलेल्या हजारो पुस्तकांत कुठे आपलं नाव नाही. मुद्रितशोधकाचं नाव कोण छापतो? एका लाकडी फळीवर, पांढऱ्या रंगाने, एकही चूक न करता लिहिलेलं नाव त्याला हवं होतं. तो नळाखाली हात धरून उभा होता आणि हात केव्हाच गार पडले होते.

चिटणीस तिथेच येऊन त्याला भेटला. क्लबाचा चिटणीस म्हणजे धावपळीचा माणूस, कायम खिशात चार पेनं आणि हातात कुठला तरी फॉर्म. "घ्या," त्याने अपिलाचा फॉर्म नळाशेजारच्या कट्ट्यावर ठेवला. "निकालापासून अर्धा तास. अजून वीसेक मिनिटं आहेत. तुमचं घड्याळ कोणतं होतं? सात नंबर. त्या उतावळ्याला कोण ओळखत नाही? त्याचा झेंडा अर्धं मिनिट आधी पडतो, सगळ्या क्लबाला माहीत आहे. समिती घड्याळ तपासेल, अर्धं मिनिट परत देईल. अर्ध्या मिनिटात एक चाल होत नाही होय तुमच्याने?"

"मला ठाऊक होतं ते," कानामात्रा म्हणाला. "ठाऊक असून त्याच घड्याळावर खेळायला बसलो."

"ते तुम्हाला ठाऊक होतं हे समितीला कुठे ठाऊक आहे? बरं, ते राहू द्या. दुसरं लिहा. पंच तुमच्या नात्यातली आहे. मी बैठकीतच म्हटलं होतं, घरचं माणूस पंच नको. पक्षपाताचा आरोप नको म्हणून पोरगी मुद्दाम तुमच्याशी कडक वागली, एवढं एक वाक्य लिहा. डाव रद्द करून उद्या सकाळी पुन्हा खेळवतील. दंतवैद्यसुद्धा हरकत घेणार नाही, भला माणूस आहे. लिहा हो. हातातोंडाशी आलेला घास असा सोडायचा का?" आणि चार पेनांतलं एक कट्ट्यावर ठेवून तो घाईने निघून गेला. हॉलमध्ये शेवटचे दोन डाव संपत आले होते.

कानामात्राने पेन उचललं. उचललं हे खरं, आणि राग आला होता हेही खरं. तिला माहीत होतं. तो शेवटची चाल लिहून मागे रेलला तेव्हा ती त्याच्या टेबलापासून दोन पावलांवर होती. दोन्ही खेळाडूंच्या चाली मोजणं हे तिचं कामच. म्हणजे तो पाणी प्यायला, पाय ताणले, दंतवैद्याची कीव केली, ते सगळं ती बघत होती. सहा वर्षांची असताना ती आईबरोबर त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली, आणि तेव्हापासून तिची दप्तरं त्याने शिवून आणली, परीक्षांना तोच घेऊन गेला, तापात रात्रभर तोच उशाशी बसला. आणि पोरगी दोन पावलांवर उभी राहून मामाचा झेंडा पडायची वाट बघते? एक बोट तरी हलवायचं. नुसती भुवई. त्याने ती भुवईच शोधली होती, हे त्याला आता आठवलं. शेवटच्या मिनिटात त्याने एकदा वर पाहिलं होतं, सहज, सगळं ठीक आहे ना अशा नजरेने, आणि तिथे तिचा चेहरा नव्हता. तिचा खांदा होता आणि पाठीमागे बांधलेले हात होते. ती अर्धं पाऊल मागे सरकून, चेहरा बाजूच्या खिडकीकडे करून उभी होती आणि तिरक्या नजरेने फक्त घड्याळ बघत होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, पोरगी कंटाळली.

एखादी ओळ पहिल्या वाचनात नीट वाटावी आणि दुसऱ्या वाचनात तिच्यातला सगळा अर्थ वर यावा, तसं त्याचं झालं. कंटाळलेली माणसं हात पाठीशी इतके घट्ट बांधत नाहीत. तिने चेहरा लपवला होता. नियमात काय आहे? झेंडा पडेपर्यंत किती चाली झाल्या हे खेळाडूला कुणी सांगायचं नाही, शब्दाने नाही, खुणेने नाही, तोंड वाकडं करूनही नाही. आणि चेहऱ्यावर आपला ताबा राहणार नाही हे ओळखून तिने चेहराच तिथून हलवला होता. हा नियम तिला कुणी शिकवला? यानेच की. सोंगट्या कशा चालतात हे शिकण्याआधी ती घड्याळाचे नियम शिकली. जेवायच्या टेबलावरच एका बाजूला पट असायचा, मधोमध घड्याळ, आणि ताटं कडेला. ज्या हाताने चाल करायची त्याच हाताने घड्याळ दाबायचं. आपल्या हाताने सोंगटी पडली तर ती आपल्याच वेळात उचलायची. मग हा मुद्दाम भांडखोर खेळाडू व्हायचा आणि ती खुर्चीवर उशी घेऊन पंच व्हायची. "समज, मी मात दिली आणि त्याच क्षणी माझा झेंडा पडला. कोण जिंकलं?" "तू. मात झाली की डाव संपला, मग घड्याळाचं काय करायचंय?" "समोरच्याकडे नुसता राजा उरलाय, आणि माझा झेंडा पडला?" "बरोबरी. एकटा राजा कुणाला मात देणार, मामा?" "आणि मी म्हटलं मला हा निकाल मान्य नाही?" यावर ती बराच विचार करायची आणि म्हणायची, "मग मी तोच परत सांगेन." ताई, पोरीची आई, ओरडायची, आधी ताटातलं संपवा, मग कोर्ट भरवा.

मग तोच परत सांगेन. तिने ते खरंच केलं होतं, पुढे, एकोणीस वर्षांची उपपंच असताना. एक शिंपी आणि एक वकील यांचे दोन्ही झेंडे पडलेले सापडले, आधी कुणाचा पडला ते कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि दोघेही जिंकल्याचं सांगत होते. शिंपी बिचारा दोनदा ओरडून दमला. वकील मात्र रंगात आला. झेंडा पडला म्हणजे नेमकं काय, लोंबणं म्हणजे पडणं का, असं त्याने पाऊण तास चालवलं, टेबलाभोवती गर्दी जमली, आणि ही पोरगी त्याचं बोलणं संपायची वाट बघत शांत उभी. तो श्वास घ्यायला थांबला की म्हणायची, "दोन्ही झेंडे पडलेले आहेत. आधी कोणता पडला हे सांगता येत नाही. डाव बरोबरीत सुटला." तेच शब्द, तोच आवाज, चार वेळा. पाचव्या वेळी वकीलच हसला आणि सही करून गेला. कानामात्रा त्या गर्दीत मागे उभा होता, आणि त्याला इतका आनंद झाला होता की घरी जाताना तो स्वतःशीच मोठ्याने बोलत चालला होता. आज त्याच गुणाने त्याचं नाक कापलं गेलं होतं. मग तो गुण आज कमी झाला का? त्याने स्वतःला हे विचारलं आणि उत्तर टाळण्यासाठी नळ पुन्हा सोडला. पण उत्तर काही पाण्याबरोबर वाहून जाईना. त्याने उगाच मनातल्या मनात अपिलाचं वाक्य तयार करून पाहिलं. वाक्य चांगलं झालं. चौतीस वर्षं वाक्यांतच गेली होती. व्याकरणात ते निर्दोष होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा होता. हे वाक्य आयुष्यभर तिच्या नावामागे फिरत राहिलं असतं. मुख्य पंच म्हणून तिची ही पहिलीच स्पर्धा होती.

पंचांची खोली म्हणजे हॉलशेजारची अडगळ. दुमडत्या खुर्च्या, पेट्या, आणि एका टेबलावर ओळीने मांडलेली घड्याळं. भाची तिथे बसून अहवाल लिहीत होती. तो आत आला तशी ती उभी राहिली.

"अपील आहे का, सर? अजून नऊ मिनिटं आहेत."

त्याने फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर 'अपील नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. तिने तो वाचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ घातली, स्वतःची सही केली आणि फॉर्म फायलीत लावला. यात तिने कसलीही घाई केली नाही. मग बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. ती फार थकलेली दिसत होती.

"तुला केव्हा कळलं?" त्याने विचारलं. "शेवटी मोजताना?"

"नाही. एकविसाव्या चालीला. तू डोळ्यांवर पाणी मारून आलास आणि उजव्या रकान्यात लिहायला लागलास. मी मागेच होते."

कानामात्राला आधी ते नीट समजलंच नाही. "म्हणजे दीड तास?"

"एक तास बावन्न मिनिटं," ती म्हणाली. "टेबलांवरून प्रत्येक फेरी मारताना वाटायचं, आता मामा कागद वर करून बघेल. तू सगळ्यांचे कागद बघतोस. प्रत्येक चालीगणिक वाटायचं."

तो समोरच्या पेटीवर बसला. एक तास बावन्न मिनिटं. त्याला दोन मिनिटांचा राग आला होता, आणि तिने जवळजवळ दोन तास हे एकटीने उरावर वागवलं होतं. एवढं करून बाकीच्या टेबलांवर कुणाला पाणी, कुणाला कागद, कुणाची तक्रार, सगळं हसतमुखाने चालू. आपण तिच्या जागी असतो तर, असं त्याच्या मनात आलं, आणि मग जे त्याने सोळा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते तो सांगू लागला. "तू अकरा वर्षांची होतीस. मुलांची अर्ध्या तासाची स्पर्धा, शाळेच्या हॉलमध्ये. आठवतं? शेवटच्या डावात त्या दोन वेण्यांच्या मुलीचा झेंडा पडला होता, आणि तुझं लक्ष नव्हतं. तुझाही झेंडा आडवा झालेला. त्या खेळात पंच काही बोलत नाही, झेंडा खेळाडूनेच दाखवायचा, आणि बघणाऱ्यांनी तर श्वासही जपून घ्यायचा. तुझाही पडला असता तर बरोबरी. मी दोरीपलीकडे उभा होतो." त्याने टेबलावरच्या घड्याळांकडे पाहिलं. "मी खोकलो."

"माहीत आहे," भाची म्हणाली.

"माहीत आहे?"

"तुझा खोकला मी ओळखत नाही का? तू खोकलास, मी मान वर केली आणि घड्याळ दिसलं. मला खूप आनंद झाला होता, मामा. बक्षीस घेऊन घरापर्यंत उड्या मारत गेले. तो आनंद झाला होता, हेच नंतर सलत राहिलं. ती मुलगी तिथेच बसून होती, तिला कळतच नव्हतं मला एकदम कसं दिसलं ते." तिने अहवाल मिटून ठेवला. "आज माझा घसा तीनदा दाटून आला. तिन्ही वेळा जिन्यात जाऊन खोकून आले."

कानामात्राच्या डोळ्यांत पाणी आलं, मोतीबिंदूच्याही आणि धड असलेल्याही. हरल्याचं दुःख तसूभरही कमी झालं नव्हतं. ती लाकडी पाटी, तो पांढरा रंग, सगळं होतं तसंच आत रुतून होतं. पण त्या दुःखाच्या बरोबरीने या पोरीचं कौतुकही दाटून आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण दाराशी पावलं वाजली आणि तिने झटकन बिल्ला उचलून पुन्हा छातीवर लावला.

दंतवैद्य होता. त्याला अहवालावर एक सही राहिली म्हणून बोलावलं होतं. तो यंदाच या शहरात आलेला, क्लबात कुणाला फारसा ओळखत नसलेला. त्याने सही केली, तिचे आभार मानले, आणि कानामात्राबरोबर बाहेर पडताना दारात हळूच म्हणाला, "या पंचबाई कोण हो? शेवटची दोन मिनिटं मला स्वतःला घाम फुटला होता. वाटलं, तुम्हाला सांगून टाकावं. पण यांच्याकडे पाहिलं आणि गप्प बसलो."

"माझी भाची आहे."

दंतवैद्य थबकला. त्याने वळून आत पाहिलं. ती घड्याळं एकेक करून पेटीत ठेवत होती. "सख्खी?"

"सख्खी. माझ्याच घरात वाढली."

"मग हे सगळं तुम्हीच शिकवलेलं," दंतवैद्य आदराने म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं, आणि आजच्या दिवसात त्याला कुणी दिलेली ती एकच गोष्ट होती. "नियम मी शिकवले," कानामात्रा म्हणाला. "ते पाळायला ती तिची ती शिकली."